कमी इंधनात चालणारी जुनी गाडी : निवड आणि काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रोजच्या येण्याजाण्यासाठी जुनी गाडी घ्यायची, ती इंधन कमी खाणारी असावी आणि इंधनात वाचलेले पैसे दुरुस्तीत जाऊ नयेत, एवढ्या तीन अटी ठरवून मी दहा वर्षांहून जुनी, १.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर असलेली एक साधी हॅचबॅक घेतली. आता ती बरेच महिने, थंडीत आणि उन्हाळ्यात, शहरातल्या गर्दीत आणि मोकळ्या महामार्गावर चालवून झाली आहे. गाडीच्या मॉडेलचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. खरेदीपूर्वी त्याच मॉडेलच्या आणि जवळपास त्याच वयाच्या ज्या गाड्या पाहिल्या, त्यांच्यात इतका फरक होता की केवळ नावावरून शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. जुन्या गाडीचे ॲव्हरेज माहितीपत्रकावर नाही, तर समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीच्या प्रकृतीवर आणि आपल्या रोजच्या रनिंगवर ठरते, असे माझे या काळात ठाम मत झाले आहे.

आधी हिशेबाविषयी लिहितो. आपण ॲव्हरेज किलोमीटर प्रति लिटरमध्ये मोजतो, आणि या मापात वरचे दोन-चार किलोमीटर फार मोलाचे वाटू लागतात. त्याऐवजी १,००० किलोमीटरला किती लिटर लागतील ते काढून पाहावे. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी १०० लिटर घेते, १५ देणारी सुमारे ६७, २० देणारी ५० आणि २५ देणारी ४०. म्हणजे दहावरून पंधरावर आल्यास ३३ लिटर वाचतात, पण विसावरून पंचविसावर गेल्यास दहाच लिटर वाचतात, दोन्ही ठिकाणी फरक पाच किलोमीटरचाच असला तरी. युरोपात इंधनाचा खप १०० किलोमीटरला किती लिटर असा मांडतात, त्या पद्धतीत ही फसगत होत नाही. हा हिशेब एकदा कागदावर मांडल्यावर माझी निवड बरीच सोपी झाली. सतरा-अठराच्या आसपास देणारी, रचनेने साधी आणि निगा राखलेली गाडी मिळत असेल, तर पंचविसाच्या मागे लागून गुंतागुंतीची किंवा थकलेली गाडी घेण्यात अर्थ नाही, हे त्यातून स्पष्ट दिसले.

माहितीपत्रकातल्या आकड्यांचे काय करावे, हाही प्रश्न येतोच. युरोपातील जुन्या गाड्यांचे आकडे एनईडीसी या चाचणीतून आलेले असतात. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर सुमारे २० मिनिटे आणि ११ किलोमीटर चालत असे, तिच्यात सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास राही, वेग अतिशय सावकाश वाढवला जाई आणि एसी बंद असे. २०१७ पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपी या अधिक लांब आणि अधिक वेगाच्या चाचणीने घेतली. अमेरिकेतही २००८ च्या मॉडेलांपासून एसी, थंड हवा आणि जास्त वेग यांचा विचार करून आकडे काढले जाऊ लागले आणि ते आधीच्या आकड्यांपेक्षा खाली आले. म्हणून जुन्या गाडीचा छापील आकडा दुसऱ्या जुन्या गाडीच्या त्याच पद्धतीच्या आकड्याशी ताडून पाहण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढेच ॲव्हरेज मिळेल, असे गृहीत धरू नये.

डिझेल, हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली) आणि लहान टर्बो पेट्रोल (हवा दाबून इंजिनात भरणारे) हे तिन्ही पर्याय मी गांभीर्याने पाहिले. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा ऊर्जाच जास्त असते आणि इंजिनाची कार्यक्षमताही चांगली असते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला त्याला तोड नाही. पण माझे रनिंग बहुतांशी कमी अंतराचे आहे. गेल्या काही वर्षांतील बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद होत असेल तर तो तुंबत जातो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत हवा आत घेणाऱ्या झडपांवरून (इनटेक व्हॉल्व्ह) पेट्रोल वाहत नसल्यामुळे त्यांच्यावर कार्बन साचतो आणि तो काढणे हे वेगळे काम होऊन बसते. हायब्रिड मात्र मला मनापासून आवडली. टोयोटा प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली, तेव्हापासून या तंत्राने शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत आपले म्हणणे सिद्ध केले आहे. जुनी हायब्रिड पाहणाऱ्याने बॅटरीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी आणि मागच्या आसनाजवळची बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी धुळीने भरलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. मला तशी खात्रीची गाडी मिळाली नाही, म्हणून मी साध्या पेट्रोलवर स्थिरावलो.

खरा वेळ गेला तो गाडी पाहण्यात, आणि तो गेला हे चांगलेच झाले. प्रत्येक गाडी मी इंजिन पूर्ण थंड असताना पाहायचा आग्रह धरला, कारण आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले निम्मे दोष लपवते. सोबत स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा एक लहान ब्लूटूथ स्कॅनर असे; गाडीच्या संगणकातले आकडे तो मोबाइलवर दाखवतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सॉकेट सक्तीचे आहे, त्यामुळे बहुतेक जुन्या गाड्यांतही ते सापडते. स्कॅनरवर सर्वप्रथम कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान पाहावे. बहुतेक पेट्रोल इंजिने ९० अंशांच्या आसपास स्थिर होतात. मी पाहिलेल्या एका गाडीत, मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ चालवूनही, हा आकडा ७० च्या वर जाईना. सिग्नलला थांबलो की सावकाश चढे आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा उतरे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकून राहिल्याची ही खूण आहे. इंजिन थंडच आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, चालवणाऱ्याला काहीही जाणवत नाही आणि ॲव्हरेज मात्र घसरते. दुरुस्ती किरकोळ असते, पण मालकाने एवढ्याकडेही लक्ष दिलेले नाही, हे त्यातून कळते.

दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा. ठरलेल्या प्रमाणापेक्षा संगणक किती टक्के इंधन वाढवतो किंवा कमी करतो, हे तो दाखवतो. तो शून्याच्या जवळ असावा. उणे किंवा अधिक दहाच्या पलीकडे गेला, तर कुठेतरी हवा गळते आहे, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर टपकतो आहे, इंधनाचा दाब कमी आहे किंवा धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर थकला आहे, असे समजावे. तिसरी गोष्ट फारसे कोणी पाहत नाही. गाडीच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हेही स्कॅनर सांगतो. चेक इंजिनचा दिवा बंद आहे, पण बहुतेक चाचण्या अपूर्ण आहेत, असे दिसले तर नुकतेच दोषाचे कोड पुसून दिवा घालवला असण्याची किंवा बॅटरी काढून लावली असण्याची दाट शक्यता असते. अशी गाडी मी एकदा बाजूला ठेवली आणि विक्रेत्याशी वाद घातला नाही.

स्कॅनरला न दिसणारे दोष हाताने शोधावे लागतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले, तर ते दोन-तीन फेरे सहज फिरून थांबले पाहिजे (पुढची चाके गिअरबॉक्सला जोडलेली असल्याने थोडी लवकर थांबतात). मी घेतलेल्या गाडीचे मागचे डावे चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबत होते आणि थोडे अंतर चालवल्यावर त्या चाकाची डिस्क उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापत होती. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकल्याने ब्रेक धरून राहत होता. म्हणजे गाडी सतत थोडा ब्रेक दाबूनच चालत होती. बाकी सर्व मनासारखे होते, सर्व्हिसिंगची कागदपत्रे सलग होती आणि ओडोमीटरच्या नोंदी त्यांच्याशी जुळत होत्या, म्हणून हा दोष दाखवून देऊन मी ती घेतली.

ताब्यात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लिटरला १४ ते १५ किलोमीटर मिळत होते. कॅलिपर दुरुस्त केला, स्पार्क प्लग बदलले, व्हील अलाइनमेंट करून घेतले, आधीच्या मालकाने भरलेले जाड ऑइल काढून कंपनीने सांगितलेले ५डब्ल्यू-३० भरले आणि टायरमधील हवा दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे ठेवू लागलो. त्यानंतर हा आकडा शहर आणि महामार्ग मिळून १७ ते १८ वर आला आणि आजवर तेथेच आहे. नुसत्या महामार्गावर तो २० च्या पुढे जातो. सर्वांत जास्त फरक कॅलिपर आणि टायरमधील हवेने पडला, असे मला वाटते. एअर फिल्टरही बदलला, पण त्याच्याविषयीची समजूत येथे दुरुस्त करायला हवी. कार्बोरेटरच्या काळात तुंबलेल्या फिल्टरने पेट्रोल जास्त जाई. इंधन इंजेक्शनच्या इंजिनात संगणक आत आलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे पिकअप कमी होतो, ॲव्हरेज मात्र विशेष घसरत नाही. फिल्टर वेळेवर बदलावा, पण तेवढ्याने गाडी जास्त धावेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हे सर्व मोजमाप टाकी फुल करूनच करावे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरावे, त्यापुढे थेंबभरही घालू नये, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरावे आणि एका टाकीवर विश्वास न ठेवता तीन-चार टाक्यांची बेरीज घेऊन भागाकार करावा. माझ्या गाडीतील डॅशबोर्डवरचा आकडा या हिशेबापेक्षा नेहमीच थोडा जास्त दाखवतो आणि अनेक जुन्या गाड्यांत असेच आढळते.

वेगाचा परिणाम मात्र माझ्या अपेक्षेपेक्षाही ठळक निघाला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ८० वरून ११० वर गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. त्याच महामार्गावर, तेवढ्याच माणसांसह, ८० च्या आसपास आणि ११० च्या आसपास चालवून पाहिले, तर लिटरमागे तीन-चार किलोमीटरचा फरक सहज दिसतो. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय पुष्कळांना असते. इंजेक्शनच्या गाडीत ती मुळीच ठेवू नये. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात आणि चाकेच इंजिन फिरवतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच, शिवाय इंजिनामुळे गाडीला मिळणारा ब्रेकचा आधारही जातो. जागेवर उभ्या असलेल्या लहान इंजिनाला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते, तेव्हा लांब थांब्यावर ते बंद करणे हिताचे. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या सर्वांत महाग पडतात, म्हणून जवळची दोन-तीन कामे मी आता एकाच फेरीत उरकतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ९० च्या वर रस्त्याचा आणि वाऱ्याचा आवाज आत येतो. चढावर एसी चालू असताना इंजिन धापा टाकते आणि गिअर खाली घ्यावा लागतो. या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पुढच्या दोन एअरबॅग आहेत. एवढेही नसलेली, पण लिटरला दोन किलोमीटर जास्त देणारी गाडी मी कोणालाही सुचवणार नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल, तर जुन्या गाडीच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत परवानगी आहे ते वाचावे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे दहा टक्के मिश्रणावर ॲव्हरेज तीनेक टक्के उतरते आणि जुन्या रबरी नळ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवरची नक्षी शाबूत असली तरी या आकड्यानुसार त्यांचे वय झाले आहे, तेव्हा यापुढचे टायर फिरताना कमी रोध असलेले, पण ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असलेले घेणार आहे.

सर्वांत मोठे राहिलेले काम टायमिंग बेल्टचे, म्हणजे इंजिनाच्या झडपा ठरल्या वेळी उघडाव्यात म्हणून फिरणाऱ्या पट्ट्याचे. आधीच्या कागदपत्रांत तो बदलल्याची नोंद आहे, पण पुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली आहे आणि ती आता जवळ आली आहे. या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलून घेईन, म्हणजे इंजिनाची ती बाजू दोनदा उघडण्याची मजुरी वाचेल.