उच्चार सुधारायचं ॲप: ७ महिने वापरल्यावर

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, बरं झालं थांबले. मी पुण्यात आयटी सपोर्टला आहे, क्लायंट अमेरिकन, शाळा मराठी मीडियम. ईमेल लिहिताना काही अडत नाही पण कॉलवर समोरून 'सॉरी?' आलं की मी तेच वाक्य अजून फास्ट म्हणायचे, म्हणजे आगीत तेल.

ॲपचं नाव सांगत नाही, मी ट्राय केलेली तिन्ही सारखीच निघाली. वाक्य वाचायचं, शंभरपैकी मार्क मिळतात, चुकलेला आवाज लाल होतो. रोज १५-२० मिनिटं, तीही किचनमध्ये, त्यामुळे कुकरची शिट्टी झाली की मार्क कमी. सासूबाई पहिले चार दिवस 'अगं कोणाशी भांडतेयस?' विचारायच्या.

फायदा झाला तो व्ही आणि डब्ल्यूचा. आपण 'व्हॅन'ही व्ह नेच लिहितो आणि गाडीचं 'व्हील'ही, मग तोंडाला फरक कळणार कुठून! व्हॅनला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, व्हीलला दात लांब ठेवून ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर पंधरा दिवसांत जमलं, 'व्हेरी वेल' एका दमात म्हणायचं झालं तर अजून घसरते.

थिंकच्या 'थ'मागे मात्र हे ॲप हात धुऊन लागतं. जीभ दातांमध्ये ठेवून हवा सोडत राहायची, आपल्या थ सारखं अडवून सोडायचं नाही वगैरे. दीड महिना त्यात गेला आणि खरं सांगू का, माझ्या मराठी 'थँक्स'मुळे एकही कॉल कधी अडला नव्हता.

अडला तो 'पॅच'वर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या छोट्या दुरुस्तीवर. मी म्हणतेय पॅच टाकते, क्लायंट विचारतोय कुठली बॅच? दोन-तीन वेळा हेच, शेवटी चॅटमध्ये टाइप केलं. ॲपमध्ये याच शब्दाला मला ९४ मार्क होते! नंतर कळलं की इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क ला हवेचा झोत लागतो आणि आपला साधा प त्यांना ब वाटू शकतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. बिनपैशाचा उपाय.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जोर. आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो, नाहीतर जोर भलत्याच अक्षरावर देतो. 'डेव्हलप' मी आयुष्यभर डे वर जोर देऊन म्हटलं, तो पाहिजे 'व्हे'वर, डिव्हेलप. फोटोग्राफला जोर फो वर, आणि फोटोग्राफी म्हटलं की तो उडी मारून टॉ वर जातो, फटॉग्रफी, बाकीची अक्षरं अर्धवट गिळायची. हे समजल्यापासून 'सॉरी?' बरेच कमी झालेत. ॲपमध्ये जोराचा धडा आहे, पण ४० धड्यांनंतर, तोवर निम्मे लोक कंटाळून सोडत असतील.

आता मी केंब्रिज डिक्शनरीच्या साइटवर शब्दाचा अमेरिकन ऑडिओ ऐकते, यूग्लिशवर तोच शब्द खऱ्या व्हिडिओंमध्ये लोक कसा बोलतात ते बघते आणि मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करते. स्वतःचा आवाज ऐकणं पहिले दहा दिवस अक्षरशः शिक्षा वाटते.

पाचपैकी तीन. घ्यायचंच असेल तर महिन्याचा प्लॅन घ्या, मी वर्षाचे पैसे भरून बसलेय आणि रिफंड नाही.