सोसायटीसाठी यू आकाराचा सायकल स्टँड: घ्यावाच असा

पुढचं चाक खाचेत अडकवायचा रॅक स्वस्त, पण टाळा. चाक उभा भार पेलतं, आडवा झोक नाही. शेजारच्या सायकलचा धक्का लागला की रिम वाकते, डिस्क ब्रेकची तबकडीही दुमडते. शिवाय कुलूप फक्त चाकाला लागतं, फ्रेम मोकळीच. यू स्टँड म्हणजे उलट्या यू आकारात वाकवून जमिनीत रोवलेला पाइप; त्याला फ्रेम आणि चाक दोन्ही बांधता येतात, आणि एका स्टँडला दोन सायकली राहतात.

पाइप ५० मिमीचा, जमिनीवर उंची ७५ ते ८० सेंमी. दोन स्टँडमध्ये १ मीटर हवंच. ६० सेंमीवर बसवले तर हँडल एकमेकांत अडकतात आणि निम्म्या जागा वाया जातात. नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या सोसायट्यांत बहुतेक पेव्हर ब्लॉक असतात. त्यांवर नुसते बोल्ट मारू नका, ब्लॉकसकट उपटतात. ब्लॉक काढून ३० सेंमी खोल काँक्रीट भरा, वरून बाहेरच्या बाजूला उतार द्या, सात दिवस पाणी मारा. पावडर कोटिंग कुलपाच्या साखळीच्या घासण्याने निघतं आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो, म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच मागा.

जागा मात्र लिफ्टजवळ, गाड्यांच्या आधी. बेसमेंटच्या तीव्र उतारावरून रोज सायकल कोण चढवणार? एका कारच्या २.५ बाय ५ मीटर जागेत पाच स्टँड, म्हणजे दहा सायकली. रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण करणाऱ्या महाजन बंधूंच्या नाशकात एवढी जागा प्रत्येक सोसायटीने द्यायलाच हवी.