प्रीडायबेटिसचा रिपोर्ट हातात आहे: चालणं, मेटफॉर्मिन की दोन्ही?

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले ‘बॉर्डरवर आहे’, आणि घरात दोन तट पडले: एकाला वाटतं साखर कमी करणारी मेटफॉर्मिनची गोळी लगेच सुरू करावी, दुसऱ्याला वाटतं रोज चाललं की पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिसमध्ये, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाइतकी नाही अशा अवस्थेत आहेत, त्यामुळे हा वाद बऱ्याच घरांत चालू असणार. दोन्ही बाजूंना मोठ्या क्लिनिकल ट्रायल्सचा आधार आहे. मात्र त्या ट्रायल्समध्ये कोणाला घेतलं होतं, हे पाहिल्याशिवाय त्यांचे आकडे स्वतःला लावू नयेत.

त्यातल्या मुख्य ट्रायल्समध्ये लोकांची निवड एचबीए१सीवरून झालेली नव्हती. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ज्यांची साखर १४० ते १९९ होती, असेच लोक बहुतांशी घेतले होते. म्हणून गोळी की चालणं हे ठरवण्याआधी ही चाचणी एकदा करून घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

आधी चाचणी, तीही नीट

एचबीए१सी सोयीचं आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण लोहाची कमतरता असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईचं ६.० म्हणजे प्रीडायबेटिस असेलच असं नाही. आधी लोह भरून काढून मग ते पुन्हा तपासावं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक असलेल्यांमध्ये, म्हणजे विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच जणांमध्ये, तपासणीच्या पद्धतीनुसार हा आकडा चुकू शकतो.

ग्लुकोजच्या चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवावं. भात-पोळी बंद करून गेलात तर साखर उलट जास्त येऊ शकते. रात्रीपासून ८ ते १४ तास पोट रिकामं ठेवावं. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम) २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यावं, आणि पहिल्या घोटापासून दोन तास मोजावेत. मधल्या वेळात बसून राहावं, फेरफटका नको, सिगारेट नको. रक्त फ्लोराइडच्या (साखर टिकवणाऱ्या) नळीत घेऊन त्यातला द्रव लवकर वेगळा केला नाही, तर रक्तातल्या पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि आकडा तासागणिक खाली येतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून नमुना शहरात जाणार असेल तर हे जरूर विचारा. घरी जेवून केलेली ‘पीपी’ म्हणजे ही चाचणी नव्हे, आणि निदानासाठी ग्लुकोमीटरही चालत नाही.

उपाशी साखर १०० ते १२५ आणि दोन तासांची १४० च्या आत, हा एक गट. दोन तासांची १४० ते १९९, हा दुसरा. पुढची तुलना मुख्यतः दुसऱ्या गटासाठी आहे.

अमेरिकेचा आकडा आणि चेन्नईचा आकडा

सगळीकडे सांगितला जाणारा ‘५८ विरुद्ध ३१ टक्के’ हा आकडा अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचा, म्हणजे डीपीपीचा आहे. त्यात ३२३४ माणसं होती आणि निकाल २००२ मध्ये आला. वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, या कार्यक्रमाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ८५० मिग्रॅ दिवसातून दोनदा घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी घटलं. एवढं वाचून गोळी हरली असं वाटतं. पण त्या लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३४ होता, आणि पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाला १६ वैयक्तिक सत्रं मिळाली होती. तुमच्या तालुक्यात हे कोण देणार?

आपल्याला जवळची ट्रायल चेन्नईची आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूचा इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ५३१ लोक, सरासरी वय सुमारे ४६, बीएमआय २५.८, म्हणजे आपल्या ओळखीतली थोडं पोट सुटलेली माणसं. तीन वर्षांत नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम करणाऱ्यांत ३९.३ टक्के, मेटफॉर्मिनवाल्यांत ४०.५ टक्के, दोन्ही करणाऱ्यांत ३९.५ टक्के. म्हणजे दोन्ही एकत्र करून जास्तीचं काहीच मिळालं नाही.

या ट्रायलमधल्या दोन गोष्टी अमेरिकेच्या आकड्यांखाली झाकल्या जातात. मेटफॉर्मिनचा डोस होता अवघा २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा; सुरुवातीला ५०० दिलं होतं, पण काहींना साखर कमी झाल्याची लक्षणं जाणवली म्हणून ते उतरवलं. आणि आहार-व्यायामाच्या गटाचं वजन फारसं घटलं नाही, तरी फायदा झाला. दोन महिने चालूनही काटा हलत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपापली मोजमापं शेजारीशेजारी छापली होती: दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. आपल्या शरीराबद्दल वजनकाटा पुरेसं सांगत नाही. कंबरेचा घेर मोजत राहणं जास्त कामाचं.

उपाशी साखर तेवढी वाढलेल्या पहिल्या गटाचं काय? चेन्नईच्याच डी-क्लिप ट्रायलमध्ये (५७८ लोक, २०१६) आधी आहार-व्यायाम आणि गरज पडली तरच मेटफॉर्मिन, अशी पायरी होती. मधुमेह होण्याच्या प्रमाणात एकूण घट ३२ टक्के मिळाली. दोन्ही आकडे वाढलेल्यांत ती ३६ टक्के होती, फक्त उपाशी साखर वाढलेल्यांत १२. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, पण या गटाने आपल्याला मोठी हमी मिळाली आहे असं समजू नये.

चालणं: कुठे फसतं

डीपीपीत वजनाचं उद्दिष्ट २४ आठवड्यांनी निम्म्या लोकांनी गाठलं होतं. अखेरीस ते ३८ टक्क्यांपाशीच टिकलं. पहिल्या सहा महिन्यांनंतर घसरण होते, म्हणून त्या काळासाठी आधीच कोणीतरी विचारणारं हवं. चेन्नईत दर महिन्याला फोन आणि दर सहा महिन्यांनी भेट होती. रामचंद्रन यांच्याच नंतरच्या ट्रायलमध्ये (२०१३, ५३७ नोकरदार पुरुष) मोबाइलवरच्या संदेशांनीही फरक पडला: दोन वर्षांत २७ टक्क्यांऐवजी १८ टक्के लोकांना मधुमेह झाला.

रोज ३० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा गतीने चाला. बाजारहाटाचं रमतगमत फिरणं यात धरू नका. आहारात तूप बंद करून भाताचा ढीग तसाच ठेवणं ही नेहमीची चूक. आधी गोड चहाचे कप मोजा. उपवासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. पोह्यांच्या बशीत निम्मी मोडाची मटकी आली तर भूकही टिकते.

मेटफॉर्मिन: कोणाला, कसं

डीपीपीत ६० च्या पुढच्या लोकांना मेटफॉर्मिनचा फायदा जवळजवळ झालाच नाही, तर चालणं-आहाराने त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ७१ टक्क्यांनी घटलं. उलट बीएमआय ३५ किंवा जास्त असलेल्यांत गोळी आहार-व्यायामाच्या तोडीची ठरली. गरोदरपणी साखर वाढलेल्या बायकांत दोन्हींनी प्रमाण साधारण निम्म्यावर आणलं. पंचविशी ते चाळिशीतलं वय, जास्त वजन, किंवा मागच्या बाळंतपणात साखर वाढलेली, यांपैकी काही असेल तर गोळीचा विचार डॉक्टरांशी जरूर बोलावा. गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तरीही.

सुरुवात रात्रीच्या जेवणासोबत एका लहान डोसने होते आणि तो एक-दोन आठवड्यांनी वाढवतात. रिकाम्या पोटी किंवा एकदम पूर्ण डोस घेतला की जुलाब, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, आणि मग गोळी कायमची बंद. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी फोडू नये. तिचं कवच शौचात दिसलं तरी औषध उतरलेलं असतं. सुरू करण्याआधी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात हे सांगणारा आकडा, काढा: ४५ च्या खाली सुरू करत नाहीत, ३० च्या खाली वर्ज्य. भरपूर दारू पिणाऱ्यांनी ती घेऊ नये. वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ घटतं, आणि शाकाहारी माणसाचं ते आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. पायाला मुंग्या आल्या की साखरेवर खापर फोडण्याआधी बी१२ तपासा.

वजन खूप जास्त असेल तर टिर्झेपेटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनचं नाव कानावर येईल. लठ्ठपणा आणि प्रीडायबेटिस असलेल्यांत १७६ आठवड्यांत, ते न घेणाऱ्यांपैकी १३.३ टक्के लोकांना मधुमेह झाला, घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के. पण त्या लोकांचं सरासरी वजन १०० किलोच्या वर होतं. ७० किलोच्या माणसाला हा आकडा लागू होत नाही, आणि खर्च मेटफॉर्मिनच्या कैक पट आहे.

तर चाचणीत दोन तासांची साखर १४० ते १९९, वय ५० च्या आसपास आणि चालता येत असेल, तर आधी चार ते सहा महिने आहार-व्यायाम मनापासून करून पुन्हा मोजावं. आकडा चढताच राहिला तर गोळी जोडावी. गोळीवर असताना आलेला चांगला आकडा मात्र पूर्ण तुमचा नसतो: डीपीपीत ती एक-दोन आठवडे थांबवून पुन्हा तपासल्यावर ३१ टक्क्यांचा फायदा २५ वर आला. म्हणून वर्षातून एकदा, डॉक्टरांना विचारून, गोळी एक-दोन आठवडे बंद ठेवून ग्लुकोजची चाचणी करावी आणि पुढच्या वर्षीचा निर्णय त्या आकड्यावर घ्यावा.