केडब्ल्यू व्हेरिएंट ३: ऑक्टेव्हिया आरएसचा अंडरस्टिअर घुंडीने जातो का?

स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस २४५ भारतात २०२० साली आली, तीही फक्त २००. ताकद २४५ पीएस, टॉर्क ३७० एनएम आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. ताम्हिणीच्या वळणात वेग जरा जास्त झाला की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच पळतं. हाच अंडरस्टिअर. त्यावर उपाय म्हणून पुण्यात हल्ली कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच, सुचवले जातात. जर्मन कंपनी केडब्ल्यूचा व्हेरिएंट ३ हा त्यातला वरच्या दर्जाचा किट.

त्याचा खरा गुण म्हणजे रिबाउंड (शॉक लांबताना होणारा विरोध) आणि कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) वेगवेगळं जुळवता येतं. रिबाउंडची घुंडी रॉडच्या वरच्या टोकाला, कॉम्प्रेशनची शॉकच्या तळाशी. एकाच घुंडीच्या काही किटमध्ये दोन्ही एकदम कडक होतात, आणि पेठांतल्या पेव्हर ब्लॉकवर पाठीला ते लगेच कळतं. इथे कॉम्प्रेशन मऊ ठेवून रिबाउंड आवळता येतो.

मात्र शॉक फक्त बदलत्या क्षणांचा धनी. वळणात शिरताना, दिशा पालटताना, बाहेर पडताना तो बोलतो. लांब, एकसारख्या वळणात गाडी कुठल्या टोकाने घसरणार हे स्प्रिंग, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा), कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टायर ठरवतात. तिथला अंडरस्टिअर घुंडीने जात नाही. त्यासाठी मागे जाड, कडकपणा बदलायला जोडणीची भोकं असलेला अँटी-रोल बार टाकणं जास्त उपयोगी, आणि किटपेक्षा स्वस्तही.

आधी उंची. टाकी अर्धी भरून, चालकाच्या जागी तेवढंच वजन ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिमी खाली, बस. त्याहून खाली नेलं की पुढचे लोअर आर्म (चाकाला धरणारे खालचे दांडे) चाकाकडे वर चढतात. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतो आणि 'खाली बसवलेली' गाडी वळणात उलट जास्त कलते. फोटोत मात्र छान दिसते!

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. पुढे उणे १.५ अंशाच्या आसपास कॅम्बर हवा, पण मूळ टॉप माउंटवर (शॉकचं वरचं टोक बसतं तिथे) तो जुळवायची सोयच नाही. लोअर आर्म ज्यावर बसतात ती सबफ्रेम सरकवून डाव्या-उजव्यातला फरक तेवढा मिटतो. म्हणजे कॅम्बर जुळवता येणाऱ्या वरच्या प्लेटचा खर्च वेगळा धरा. मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांडे) असल्याने टो (वरून पाहता चाकाचा कोन) आणि कॅम्बर दोन्ही जुळतात. मागचा टो-इन (चाकं पुढे आत वळलेली) थोडा कमी केला की गाडी चटकन वळते, पण शून्यावर नेऊ नका. पावसाळ्यात ब्रेक मारताना शेपूट हलेल.

घुंड्या शेवटी. सगळ्या मध्यावर ठेवा, टायरची हवा थंड असताना मोजा आणि एका वेळी एकाच टोकाला दोन क्लिक बदला. शिरताना नाक ढकलत असेल तर पुढचं कॉम्प्रेशन मऊ करा किंवा मागचा रिबाउंड आवळा. बाहेर पडताना थ्रॉटलवर ढकलत असेल तर पुढचा रिबाउंड थोडा वाढवा.

सर्वांत जास्त चूक इथेच होते: रिबाउंड गच्च आवळला जातो. मग एका धक्क्यातून चाक खाली येण्याआधी दुसरा धक्का बसतो, स्प्रिंग दबलेलीच राहते आणि गाडी बंप स्टॉपवर (शॉकच्या शेवटच्या रबरी अडथळ्यावर) टेकते. वळणात असं झालं की पकड एकदम सुटते. ओळखायची खूण सोपी आहे. गतिरोधकाआधीच्या पांढऱ्या रम्बलर पट्ट्यांवरून जाताना गाडी पट्टीगणिक खाली बसत गेली, तर दोन क्लिक सोडा.

बसवणाऱ्याकडे तीन गोष्टींचा आग्रह धरा. पुढचा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा संच) नकलमधून (चाक धरणाऱ्या भागातून) काढताना स्प्रेडर वापरा, हातोडा नाही. ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट नवे घ्या. आणि बुशचे (सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट चाकांवर वजन असतानाच आवळा. लिफ्टवर लटकत्या गाडीत आवळले की बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. कामानंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर आणि हेडलाइटची पातळी पुन्हा सेट करून घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

शॉकची बॉडी स्टेनलेस आहे, त्यामुळे गंजाची चिंता कमी. उंची बदलायला फिरवायची स्प्रिंगखालची कॉलर मात्र पॉलिअमाइडची (एक प्रकारचं प्लास्टिक) आहे. पावसाळ्यानंतर आट्यांत चिखल वाळून बसलेला असतो. तो ब्रशने आणि पाण्याने धुतल्याशिवाय कॉलर फिरवली की आटे जातात.