आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनातील सतार कॉन्चर्टो
कोल्हापूरच्या शाहूपुरीत जुन्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानातून घेतलेली, पंडित रविशंकर यांच्या पहिल्या सतार कॉन्चर्टोची (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची) ही १९७१ सालची एल.पी. ज्यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित झाली, ते आंद्रे प्रेव्हिन मुळात पियानोवादक आणि संगीतकार होते. १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या ज्यू कलावंताला नाझी राजवटीमुळे बालपणीच देश सोडावा लागला. पुढे त्यांनी हॉलिवूडमध्ये चित्रपटसंगीतासाठी चार ऑस्कर मिळवले, जॅझ पियानो गाजवला, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालकपद सांभाळले आणि १९९८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पहिला ऑपेरा रंगमंचावर आणला.

खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज या रागांवर कॉन्चर्टोचे चार भाग बेतलेले आहेत. अडाणा सर्वांत छोटा, पण मला तोच सर्वांत सरस वाटला. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर पोसलेल्या कोल्हापूरकर कानांना रागाची सावकाश बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, येथे अपुरी वाटेल, हे खरे. तरीही सतारीचा नाद न झाकता एवढा मोठा वाद्यवृंद तिच्या लयीने चालवण्याचे अवघड काम प्रेव्हिन यांनी विलक्षण संयमाने केले आहे. वेष्टनाचे कोपरे झिजले असले, तरी ध्वनी स्वच्छ आहे. दुकानदार तबकडी वाजवून दाखवतात, त्यामुळे ती निर्धास्तपणे घ्यावी.