हापूस अमेरिकेला की जपानला?

दोन्ही देशांना भीती फळमाशीची, अमेरिकेला शिवाय कोयीतल्या भुंग्याची. इलाज मात्र वेगळे.

अमेरिकेला आंब्यावर विकिरण प्रक्रिया हवी, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करणे, तीही किमान ४०० ग्रे मात्रेची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). त्यांचे दार २००७ साली उघडले, आणि लासलगावचे कांद्यासाठी उभारलेले केंद्र तेव्हा हापूसच्या कामी आले. पुढे वाशीतही सोय झाली. प्रक्रियेवर त्यांचाच निरीक्षक लक्ष ठेवतो. कोविडच्या काळात तो येऊ शकला नाही, तर दोन हंगाम निर्यातच बंद! शिवाय पेटीवर विकिरणाचे चिन्ह लागते. फळ तापत नाही, हा मोठा फायदा. कोयीतल्या भुंग्याचाही त्यातच बंदोबस्त होतो, आणि तो कोयीत दडून बसत असल्याने बाहेरून फळ पाहून कळतच नाही.

जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ मध्ये उठवली. तिथे बाष्प-उष्ण प्रक्रिया लागते: गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसला नेऊन २० मिनिटे तसेच ठेवायचे. यात किरणांचा प्रश्न नाही, पण हापूससारख्या नाजूक फळाला एवढी ऊब सोसवणे हे कसबाचे काम. कोवळा काढलेला आंबा इथे हमखास दगा देतो.

माझे मत विचाराल तर नव्या निर्यातदाराने अमेरिकेपासून सुरुवात करावी. तिथे आपली माणसे भरपूर, आणि हापूस म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. विमानभाडे मात्र आधी विचारून घ्या. आंब्यापेक्षा तेच महाग पडते.