रेनेसाँस लँडस्केपचा प्रिंट सेट: निवड झकास, छपाई बेकार

हा सेट घेताना वाटलेलं की नेहमीसारखे पुढे संत नाहीतर मॅडोना (म्हणजे मेरीमाता) आणि मागे जागा भरायला चार डोंगर असणार, पण नाही, इथे माणसं जवळपास नाहीतच, नुसती झाडं नदी खडक, आणि तीच तर खरी मजा आहे.

सुरुवात अर्थात लिओनार्दो दा विंचीच्या, इटलीतल्या आर्नो नदीच्या खोऱ्याच्या चित्रापासून. 5 ऑगस्ट 1473 अशी तारीख त्याने स्वतःच डाव्या कोपऱ्यात उलट्या अक्षरांत टाकलीय, तेव्हा वय फक्त 21! एकीकडे टेकडीवर किल्ला, दुसरीकडे कड्यावरून पडणारं पाणी, आणि झाडं म्हणजे भराभर मारलेल्या रेषा, पान एकही धड काढलेलं नाही तरी वारा सुटल्यासारखं वाटतं. पण मूळ शाई तपकिरी, आणि सेट छापणाऱ्यांनी ती चक्क काळी करून टाकलीय, लांबच्या मैदानाची सगळी धूसर हवाच गेली राव. मागच्या बाजूलाही त्याचं स्केच आहे, ते तर दिलंच नाहीये.

जर्मन चित्रकार ड्यूररने काढलेल्या इन्सब्रुक या ऑस्ट्रियातल्या शहराच्या चित्राचे हाल त्याहून वाईट. मूळ वॉटरकलर जेमतेम 13 बाय 19 सेंमी, इथे सगळ्या प्रिंट्स एकाच मापात ताणल्यात, त्यामुळे इन नदीतलं शहराचं प्रतिबिंब पार फिसकटलंय.

सोबतची पुस्तिका 'पहिलं लँडस्केप, पहिलं लँडस्केप' करत सगळं श्रेय लिओनार्दोला देऊन मोकळी होते, हे मला पटलं नाही. तो एक कागद, असा किती जणांनी पाहिला असेल? आल्टडॉर्फर या जर्मन चित्रकाराने साधारण 1520 च्या सुमारास माणसांशिवायची लँडस्केप्स एचिंगमध्ये (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून छापायची पद्धत) केली, म्हणजे एका प्लेटवरून कितीतरी प्रती, आणि नुसत्या निसर्गासाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक असल्याशिवाय कोण एवढा खटाटोप करेल. पुढे 1555 च्या आसपास अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने चित्रकार ब्रॉयगेलची आल्प्स बघून केलेली मोठी लँडस्केप्स छापली, तरी त्यातल्या काहींत कोपऱ्यात एखादा संत आहेच बसवलेला, सवय अशी लगेच थोडीच सुटते! पुस्तिकेत आल्टडॉर्फर आणि ब्रॉयगेल दोघांना मिळून अर्धं पान.

रेषांची चित्रं मात्र छान उतरलीत, वुल्फ हुबर या चित्रकाराचं 1510 चं, ऑस्ट्रियातलं मोंडझे तळं तर बघत राहावं असं. फ्रेम करायचीच तर ते करा किंवा आल्टडॉर्फर, आणि ड्यूरर सरळ व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयाच्या वेबसाइटवर झूम करून बघा.